कागदावरचं सॉफ्टवेअर: 'डॉ. डॉब्स जर्नल'ची गोष्ट

'डॉ. डॉब्स जर्नल ऑफ टायनी बेसिक कॅलिस्थेनिक्स अँड ऑर्थोडॉन्शिया.' हे एका कॉम्प्युटर मासिकाचं नाव आहे. जानेवारी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमधून त्याचा पहिला अंक निघाला. एखाद्या ग्रंथपालाने तो दंतवैद्यकाच्या कपाटात ठेवला असता तरी त्याला दोष देता आला नसता.

कॅलिस्थेनिक्स म्हणजे साधनांशिवायचा व्यायाम, आपल्याकडच्या जोर-बैठकांसारखा. ऑर्थोडॉन्शिया म्हणजे वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करण्याची विद्या. नावाखाली आणखी एक ओळ असायची, तिचा अर्थ साधारण असा: ओव्हरबाइट न होऊ देता हलकं धावा. वरचे दात खालच्या दातांच्या फार पुढे आले की त्याला इंग्रजीत ओव्हरबाइट म्हणतात, आणि कॉम्प्युटरची मेमरी मोजायचं माप म्हणजे बाइट. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग वेगळं, म्हणून कोटी डोळ्यांना दिसते. देवनागरीत दोन्ही 'बाइट'च, त्यामुळे ती समजावून सांगावी लागते, आणि समजावून सांगितलेली कोटी म्हणजे सादळलेला पापड. पण हा पापड तरीही खाऊन बघण्यासारखा आहे, कारण त्या काळातल्या हौशी कॉम्प्युटरवाल्यांची मुख्य पंचाईत त्यात आली आहे: जागा नव्हती.

आणि हे डॉ. डॉब कोण? कुणीच नाही. मासिकामागे दोन माणसं होती, डेनिस अ‍ॅलिसन आणि बॉब अल्ब्रेख्त. पानं लावणाऱ्या माणसाचा समज असा, की डेनिसचं नाव डॉन आहे. त्याने डॉन आणि बॉब यांचा संधी करून 'डॉब' बनवला. पुढे तीसेक वर्षं लोकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका दुरुस्त करून छापणाऱ्या या मासिकाने स्वतःच्या नावातली चूक मात्र तशीच ठेवली.

आता जागेची पंचाईत. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर 'आल्टेअर ८८००' नावाची एक पेटी झळकली. न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्क शहरातली एमआयटीएस ही कंपनी ती सुट्या भागांच्या रूपात ४०० डॉलरच्या आत विकत होती. जोडणी घरी बसून आपली आपण करायची. आत इंटेलची ८०८० ही चिप आणि मूळ संचात मेमरी फक्त २५६ बाइट.

२५६ बाइट म्हणजे किती, हे मराठी वाचकाला झटकन समजेल. आज आपण मोबाइलवर देवनागरी लिहितो तेव्हा प्रत्येक खूण, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, हलन्त, प्रत्येकी ३ बाइट घेते. 'आल्टेअर' या शब्दात अशा ७ खुणा आहेत, म्हणजे एवढा एक शब्द २१ बाइट खातो. तो सलग बारा वेळा लिहिला की त्या यंत्राची मेमरी संपली. त्यात प्रोग्रॅमही बसवायचा आणि त्या प्रोग्रॅमला लागणारे आकडेही.

पेटीला कीबोर्ड नव्हता, पडदाही नव्हता. समोर खटक्यांची रांग आणि लाल दिवे. खटका वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. आठ खटके हवे तसे लावायचे, 'डिपॉझिट'चा खटका दाबायचा, एक बाइट मेमरीत गेला. पुन्हा आठ खटके, पुन्हा डिपॉझिट. शंभर बाइटचा प्रोग्रॅम म्हणजे शंभर वेळा हा उद्योग. वीज गेली की सगळं पुसलं, मग पहिल्यापासून सुरू. मेमरी वाढवायची कार्डं विकत मिळत, पण ती महाग पडायची.

माणसाला असे आकडे लिहिणं जमत नाही असं नाही, पण कुणी हौसेने रोज करणार नाही. म्हणून हवी होती 'बेसिक'. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात १९६४ साली विद्यार्थ्यांसाठी तयार झालेली ही सोपी भाषा. बेसिकमधला एक छोटा प्रोग्रॅम, देवनागरीत लिहिला तर, असा दिसेल:

१० इनपुट ए
२० प्रिंट ए / २
३० गोटू १०

दहाव्या ओळीवर यंत्र तुमच्याकडून एक संख्या मागतं आणि तिला 'ए' म्हणतं. विसाव्या ओळीवर तिची निम्मी छापतं. तिसाव्या ओळीवर परत दहावर जातं. ओळींना दहा-दहाच्या अंतराने क्रमांक का? मध्ये काही विसरलं असेल तर १५ नंबरची ओळ घुसवता यावी म्हणून. घरच्या हिशेबाच्या वहीत दोन नोंदींमध्ये एक ओळ मोकळी सोडतात, त्यातलाच प्रकार.

पण चिपला 'प्रिंट' म्हणजे काय हे कळत नाही, तिला फक्त आकडे कळतात. तेव्हा मध्ये एक दुभाषा लागतो. तो तुमची ओळ वाचतो, अर्थ लावतो आणि चिपकडून ते काम करून घेतो. अशा प्रोग्रॅमला इंटरप्रिटर म्हणतात, आणि त्या शब्दाचा साधा अर्थही दुभाषा असाच आहे. अडचण अशी, की दुभाष्यालाही मेमरीत बसायला जागा लागते. तो जितका बहुश्रुत, तितकी त्याची बैठक मोठी, आणि तुमच्या प्रोग्रॅमसाठी उरलेली जागा तितकी कमी.

आल्टेअरसाठी असा दुभाषा बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन या दोन तरुणांनी लिहिला. काम उत्तम होतं, किंमत मात्र खटकणारी. एमआयटीएसकडून मेमरी वगैरे सोबत घेतली तर ८ किलोबाइटचं बेसिक ७५ डॉलरना मिळे, नुसतं बेसिक हवं असेल तर ५००. म्हणजे यंत्रापेक्षा त्याचा दुभाषा महाग.

इथे अल्ब्रेख्त आणि अ‍ॅलिसन येतात. अल्ब्रेख्त मेन्लो पार्कमध्ये 'पीपल्स कॉम्प्युटर कंपनी' चालवत होता. नाव कंपनीचं, पण काम १९७२ पासून एक वृत्तपत्रासारखं नियतकालिक काढण्याचं आणि रस्त्यावरच्या कुणालाही, विशेषतः मुलांना, कॉम्प्युटरला हात लावू देण्याचं. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावरच त्यांनी लिहिलं होतं, की कॉम्प्युटर बहुतेक वेळा लोकांच्या विरुद्ध वापरले जातात, हे बदलायची वेळ आली आहे. सत्तरच्या दशकातल्या कॅलिफोर्नियाची ही भाषा आज थोडी भाबडी वाटेल. मला ती भाबडी वाटत नाही, पण ते असो.

डेनिस अ‍ॅलिसन स्टॅनफर्ड विद्यापीठात कॉम्प्युटर शिकवायचा. अल्ब्रेख्तने त्याला गळ घातली: दोन-तीन किलोबाइटमध्ये मावेल असं बेसिक करता येईल का? अ‍ॅलिसनने ते स्वतः पूर्ण करून विकलं नाही. त्याने ते कसं करायचं हे १९७५ मध्ये त्या नियतकालिकात क्रमशः लिहिलं, आणि वाचकांना म्हटलं, आता तुम्ही करा. हेच 'टायनी बेसिक', म्हणजे चिमुकलं बेसिक.

ते चिमुकलं कसं झालं? काटछाटीने. चलांची नावं फक्त ए ते झेड, २६. अक्षरांच्या ओळी साठवायची सोय नाही. अपूर्णांक नाहीत: वरच्या प्रोग्रॅमला ७ दिले तर उत्तर ३.५ नाही, ३ येणार. उरलेला अर्धा गेला कुठे हे विचारायचं नाही. आणि संख्या साधारण उणे ३२ हजार ते अधिक ३२ हजार एवढ्याच. ही मर्यादा कुठून आली? प्रत्येक संख्येला २ बाइट दिले. दोन बाइटमध्ये १६ शून्य-एक मावतात, त्यांच्या ६५,५३६ वेगवेगळ्या जुळण्या होतात, त्यातल्या निम्म्या ऋण संख्यांना आणि निम्म्या धन संख्यांना. किराण्याच्या हिशेबाला हे पुरेल, दुकानाच्या वार्षिक ताळेबंदाला नाही.

अ‍ॅलिसनची दुसरी युक्ती मला जास्त आवडते. त्या वेळी ८०८०, ६८००, ६५०२ अशा वेगवेगळ्या चिप बाजारात येत होत्या, आणि एकीसाठी लिहिलेले आकडे दुसरीला कळत नाहीत. अ‍ॅलिसनने सुचवलं, की मध्ये एक काल्पनिक छोटं यंत्र माना. त्याला थोड्याच आज्ञा कळतात: पुढचा शब्द हा आहे का बघ, संख्या वाच, बेरीज कर, अशा. बेसिकचा दुभाषा या काल्पनिक यंत्राच्या भाषेत एकदाच लिहायचा. मग ज्याच्याकडे जी चिप असेल त्याने तेवढं छोटं यंत्र आपल्या चिपवर उभं करायचं. म्हणजे दुभाष्याला आणखी एक दुभाषा. काम सावकाश होतं, कारण प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते. पण जागा वाचते, आणि एकाची मेहनत दुसऱ्याच्या यंत्रावर नेता येते.

वाचकांनी खरंच केलं. टेक्सासमधल्या टायलर गावच्या डिक व्हिपल आणि जॉन अर्नोल्ड यांनी चालतं टायनी बेसिक लिहून पाठवलं. आता हे इतरांपर्यंत पोचवायचं कसं? ठरलं असं, की एक छोटं पत्रक काढायचं, तीन अंक, झेरॉक्स करून, संपलं. मागणी एवढी आली की तीन अंकांवर थांबणं शक्य झालं नाही. जिम वॉरन नावाचा गणिताचा माजी शिक्षक संपादक म्हणून आला, नावातलं 'टायनी बेसिक' जाऊन तिथे 'कॉम्प्युटर' आलं, आणि वर्षाला १० अंक निघू लागले. सुरुवातीला वॉरन पैसे घेऊन जाहिराती छापत नसे. त्यामुळे एखाद्या कंपनीची वस्तू वाईट असेल तर तसं लिहायला त्याला कुणाची भीड नव्हती.

कुणी विचारेल, सॉफ्टवेअर कागदावर छापायचं म्हणजे काय? आज हे एखाद्या गाण्याचं नोटेशन देऊन 'आता ऐका' म्हणण्यासारखं वाटतं. पण पर्याय काय होते बघा. फ्लॉपी ड्राइव्ह महाग. भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्या वाचणारं टेलिटाइप यंत्र आल्टेअरहून कितीतरी महाग. कागदाचं पान मात्र टपालाने कुठेही जातं, आणि वाचायला दोन डोळे पुरतात. वाचक पान समोर ठेवून आकडे यंत्रात घालायचा, पानामागून पान.

त्या पानांवर बहुधा तीन-तीन अंकांचे गट असत. एक बाइट म्हणजे आठ शून्य-एक. ते दोन, तीन, तीन असे तोडून प्रत्येक गटाला एक अंक दिला की तीन अंकी आकडा तयार होतो. ८०८० चिपला ३०३ म्हणजे 'अमुक ठिकाणी उडी मार'. खटक्यांवर तो असा: वर वर, खाली खाली खाली, खाली वर वर. आता छपाई पुसट आली, किंवा रात्रीचा एक वाजला आहे, आणि तुम्ही ३०३ ऐवजी ३०२ घातलंत. शेवटचा एक खटका वरऐवजी खाली. ३०२ ही पण खरी आज्ञाच आहे, तिचा अर्थ 'आत्ताचं उत्तर शून्य नसेल तरच उडी मार'. यंत्र तक्रार करणार नाही. प्रोग्रॅम पुष्कळदा बरोबर चालेल, आणि एखाद दिवशी उत्तर शून्य येईल तेव्हा भलतीकडे जाईल. आमंत्रणपत्रिकेवर 'अवश्य यावे' ऐवजी 'सवड असल्यास यावे' छापलं गेलं तर जे होईल तेच. अशी चूक शोधायला पुन्हा पहिल्या आकड्यापासून बोट ठेवत जायचं. या मेहनतीतूनच पुष्कळ लोक प्रोग्रॅमिंग शिकले. मेहनत सोसायची नव्हती त्यांनी अर्थातच नाद सोडला.

चुका वाचकाकडूनच होत असं नाही. ऑगस्ट १९७६ च्या अंकात ६५०२ या चिपसाठी अपूर्णांकांचं गणित करणारा प्रोग्रॅम छापून आला. लेखक दोघे: स्टॅनफर्डच्या मेकॅनिकल इंजिनिअरिंग विभागातला रॉय रँकिन, आणि स्टीव्ह वॉझ्नियाक, ज्याच्या अ‍ॅपल कंपनीचं पहिलं यंत्र तेव्हा नुकतंच विक्रीला आलं होतं. ६५०२ ला फक्त एका बाइटच्या पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी यायची. मग ३.१४ तिला कसं सांगणार? संख्या दोन भागांत ठेवून: अंक वेगळे, ३१४, आणि टिंब कुठे आहे हे वेगळं, उजवीकडून दोन घरं. या दोघांनी अंकांना ३ बाइट दिले आणि टिंबाच्या जागेला १. (यंत्रात सगळं दोनाच्या घातांत चालतं, पण कल्पना हीच.) त्यावर गुणाकार, भागाकार आणि लॉगॅरिदमसुद्धा.

मग नोव्हेंबरच्या अंकात रँकिनचं पत्र आलं. संपादकाला त्याने कळवलं होतं, की लॉगॅरिदमच्या भागात माझ्याकडून चूक झाली आहे. दिलेली संख्या १ पेक्षा लहान असेल तर उत्तर चुकतं. अमुक अमुक बदल करा. १ पेक्षा लहान संख्येचा लॉगॅरिदम ऋण असतो, गडबड नेमकी त्या बाजूला. मला या मासिकातलं हे छोटं पत्र फार महत्त्वाचं वाटतं. प्रोग्रॅम उघडा छापलेला होता म्हणून तो तपासता आला, चूक कबूल करण्यात कमीपणा नव्हता, आणि दुरुस्ती तिसऱ्या महिन्यात सगळ्यांच्या हातात. आपल्या फोनवर 'अपडेट उपलब्ध' असं येतं, त्याचं हे टपालाने येणारं रूप.

दरम्यान एक भांडण पेटलं होतं. १९७५ च्या उन्हाळ्यात पालो आल्टोत एमआयटीएसने आल्टेअरचं प्रदर्शन ठेवलं, तिथून बेसिकची एक कागदी पट्टी कुणीतरी उचलली. तिच्या प्रती निघाल्या आणि होमब्रू कॉम्प्युटर क्लब या हौशी कॉम्प्युटरवाल्यांच्या मंडळात वाटल्या गेल्या. ३ फेब्रुवारी १९७६ या तारखेचं, हौशी लोकांना उद्देशून लिहिलेलं गेट्सचं जाहीर पत्र त्यावरचं आहे. तो तेव्हा २० वर्षांचा होता. त्याचं म्हणणं: आल्टेअर घेणाऱ्यांपैकी १० टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतलं, आम्ही वापरलेल्या कॉम्प्युटरच्या वेळेची किंमतच ४०,००० डॉलरच्या वर जाते, मिळालेल्या मानधनातून आमच्या मेहनतीचे तासाला २ डॉलरही पडत नाहीत. तुमच्यातले बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता, हे त्याने आडपडदा न ठेवता लिहिलं.

ही गोष्ट सांगताना गेट्सला खलनायक करायची पद्धत आहे. पण त्याचा हिशेब चुकीचा नव्हता, आणि काम त्याचंच होतं. 'डॉ. डॉब्स' हे त्याच्या पत्राला दिलेलं उत्तर, असंही कुठे कुठे वाचायला मिळतं. तारखा बघा: पहिला अंक जानेवारीचा, पत्र फेब्रुवारीचं, आणि अ‍ॅलिसनचे लेख त्याच्या आदल्या वर्षीचे. उत्तर प्रश्नाच्या आधीच छापून झालं होतं. वॉरनने ते नंतर, जुलै १९७६ मध्ये, कॉम्प्युटर भाषांच्या अभ्यासकांसाठी निघणाऱ्या 'सिग्प्लॅन नोटिसेस'मध्ये शब्दांत मांडलं: सॉफ्टवेअर फुकट असेल, किंवा इतकं स्वस्त की नक्कल करण्यापेक्षा विकत घेणं सोपं, तर ते कुणी चोरणार नाही. टॉम पिटमनने हे करूनच दाखवलं. त्याने आपलं टायनी बेसिक ५ डॉलरना विकलं.

ली-चेन वाँग आणखी पुढे गेला. त्याचं 'पालो आल्टो टायनी बेसिक' याच मासिकात १९७६ साली आलं, २ किलोबाइटच्याही आत बसणारं. प्रोग्रॅमच्या डोक्यावर, जिथे 'कॉपीराइट, ऑल राइट्स रिझर्व्ड' असं असतं, तिथे त्याने लिहिलं: 'कॉपीलेफ्ट, ऑल राँग्ज रिझर्व्ड'. उजव्याचं डावं आणि हक्कांच्या जागी चुका. थट्टाच होती. पण पुढे रिचर्ड स्टॉलमन या मोकळ्या सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्या प्रोग्रॅमरने याच 'कॉपीलेफ्ट' शब्दाला कायदेशीर अर्थ दिला: नक्कल करा, बदला, वाटा, पण पुढच्यालाही तीच मोकळीक द्या. शब्द त्याच्याकडे दुसऱ्या एका मित्राच्या पत्रातून आला होता, वाँगकडून नाही. मोकळं सॉफ्टवेअर का हवं हे सांगणारा स्टॉलमनचा 'ग्नू जाहीरनामा' मात्र छापून आला तो मार्च १९८५ च्या 'डॉ. डॉब्स'मध्येच.

नंतरची वर्षं मी भराभर सांगतो. वॉरनने एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठा कॉम्प्युटर मेळा भरवला, तिथे 'अ‍ॅपल टू' लोकांनी पहिल्यांदा पाहिला. मे १९८० मध्ये रॉन केनचा 'स्मॉल-सी' छापला गेला. हा दुभाषा नव्हे, कंपायलर: ओळीओळीला मध्ये बसून सांगत राहण्याऐवजी सगळा मजकूर एकदाच चिपच्या भाषेत उतरवून देणारा, म्हणजे भाषांतरकार. सी ही मोठ्या यंत्रांची भाषा त्यामुळे घरच्या यंत्रावर आली. १९९१ च्या जानेवारीपासून विल्यम आणि लिन जोलिट्झ या दांपत्याने युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार चालवणारा प्रोग्रॅम, साध्या ३८६ चिपच्या पीसीवर कशी आणायची याची लेखमाला लिहिली. तोपर्यंत नावातले व्यायाम आणि दात गळून पडले होते आणि मासिक धंदेवाईक प्रोग्रॅमरांचं झालं होतं. जाहिराती आल्या, मालक बदलत गेले. अंक चांगले निघत, पण ते वाचून यंत्रावर खटके दाबत बसायची गरज कुणालाच उरली नव्हती. आधी फ्लॉपी आली, मग मोडेम, मग इंटरनेट.

२००९ च्या सुरुवातीला स्वतंत्र छापील मासिक बंद झालं आणि फक्त इंटरनेटवरची आवृत्ती राहिली. डिसेंबर २०१४ मध्ये तीही थांबवत असल्याचं जाहीर झालं. वाचक आटले नव्हते, आटलं होतं ते जाहिरातींचं उत्पन्न.